एक्सप्रेसकार्ड, एक जुना लॅपटॉप आणि अंबडची सीएनसी

नाशिकच्या सातपूर आणि अंबडच्या टूलरूममध्ये वीस-वीस वर्षांची व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी सीएनसी मशीनं, अजून दोन पाळ्यांत चालताहेत. बेड उत्तम, स्पिंडल ठणठणीत, बॉलस्क्रू फार तर एकदा बदललेला. मोडीत काढायला कारणच नाही. अडतं ते एका ठिकाणी. फानुकच्या ०आय किंवा १८आय मालिकेतल्या या कंट्रोलना (मशीन चालवणाऱ्या संगणकांना) बाहेरून प्रोग्राम घ्यायला सहसा दोनच दारं असतात: २५ पिनांचं आरएस-२३२ पोर्ट आणि पडद्याशेजारची मेमरी कार्डाची खाच. आजच्या लॅपटॉपकडे दोन्हींपैकी एकही नाही. म्हणून विंडोज ७ चा, बाजूला एक्सप्रेसकार्डची, म्हणजे जादा पोर्टाचं कार्ड सरकवायची, खाच असलेला जुना लॅपटॉप आम्ही या कामाला लावला. खाच ओळखण्यापासून डायवर (साच्यावर) पहिला कट पडेपर्यंत काय काय करावं लागलं, ते पुढे.

जुना लॅपटॉप घेताना दुकानात मोजपट्टी घेऊन जावं. महात्मा गांधी रोडला काय किंवा ऑनलाइन काय, विकणारा प्रत्येक खाचेला ‘पीसीएमसीआयए’च म्हणतो, जे खरं तर पीसी कार्डाचं जुनं नाव. प्रत्यक्षात प्रकार वेगवेगळे आहेत. पीसी कार्ड ५४ मिलिमीटर रुंद, ८५.६ लांब आणि टाइप २ असेल तर ५ मिलिमीटर जाड. खाचेच्या आत टॉर्च मारली की दोन ओळींत ६८ बारीक पिना दिसतात. २००३ मध्ये आलेलं एक्सप्रेसकार्ड ७५ मिलिमीटर लांब आणि ३४ किंवा ५४ मिलिमीटर रुंद. त्याच्या खाचेत पिना नसतात, एका बाजूला २६ संपर्कांचा चपटा कनेक्टर असतो. ५४ हा आकडा दोन्हीकडे आहे, गफलत तिथेच होते. रुंदी जुळते, कार्ड बसत नाही. ३४ चं कार्ड ५४ च्या खाचेत चालतं, उलट चालत नाही. आत प्लॅस्टिकची नकली पट्टी बसवलेली असेल तर ती दाबून बाहेर काढून मगच बघावं. पट्टी पाहून खाच धड आहे असं गृहीत धरू नये.

पीसी कार्डातही दोन पिढ्या आहेत. जुनं १६ बिटांचं आणि १९९५ च्या सुमाराचं ३२ बिटांचं कार्डबस. कार्डबसच्या तोंडाशी बारीक उंचवट्यांची सोनेरी पट्टी असते, त्यावरून ते ओळखावं. कार्डबस जुन्या १६ बिटांच्या खाचेत शिरतच नाही. डॉसमधलं जुनं डीएनसी सॉफ्टवेअर (मशीनला प्रोग्राम पाठवणारं) वापरायचं असेल तर मात्र १६ बिटांचं कार्डच उपयोगी पडतं, कारण त्याच्या पोर्टला कॉम१ चा पारंपरिक पत्ता, म्हणजे ३एफ८, देता येतो. कार्डबस किंवा एक्सप्रेसकार्डच्या पोर्टला पत्ता बस ठरवते आणि डॉसच्या प्रोग्रामला तो सापडत नाही. विंडोजमधल्या सॉफ्टवेअरला या पत्त्याशी देणंघेणं नसतं.

आता खरा प्रश्न. यूएसबीची सीरियल वायर कुठेही मिळते, मग कार्ड कशाला?

उत्तर ‘थांब’ या एका शब्दात आहे. प्रोग्राम येताना कंट्रोलचा बफर भरत आला की तो लॅपटॉपला डीसी३ हे अक्षर पाठवतो, म्हणजे थांब. जागा झाली की डीसी१, म्हणजे सोड. यालाच एक्सऑन-एक्सऑफ म्हणतात. थांब म्हटल्यानंतरही थोडी अक्षरं येणार हे कंट्रोल धरून चालतो, पण किती? दहा. त्याच्या पुढे गेलं की ०८७ अलार्म, बफर ओव्हरफ्लो. आता यूएसबीची वाट बघा. विंडोज अक्षरांचा गठ्ठा बांधून चिपकडे देतं. ‘थांब’ हे अक्षर चिपमधून, मग यूएसबीतून, मग ड्रायव्हरपर्यंत पोचेस्तोवर चिपच्या पोटात असलेली अक्षरं मशीनकडे निघालेली असतात. काही चांगल्या चिपा हा निरोप स्वतःच वाचून जागच्या जागी थांबतात. स्वस्तातल्या पुष्कळ थांबत नाहीत. छोटा प्रोग्राम बिनबोभाट जातो, कारण बफर भरतच नाही. मोठा प्रोग्राम मात्र मध्येच कुठेतरी तुटतो, आणि दर वेळी वेगळ्या ओळीवर. दोष केबलचा वाटतो, मशीनचा वाटतो, ऑपरेटरचाही काढून होतो.

पण नुसतं कार्ड घेतलं म्हणून सुटका होत नाही. एक्सप्रेसकार्डच्या खाचेत दोन रस्ते येतात, एक पीसीआय एक्सप्रेसचा आणि दुसरा यूएसबी २.० चा. कोणता वापरायचा ते कार्ड बनवणारा ठरवतो. स्वस्त कार्डात बहुधा तीच यूएसबी-सीरियल चिप असते, फक्त डबी वेगळी. असं एक कार्ड आमच्याही हाती आलं होतं. खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. ओळखायचं असं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’मधून यादी जोडणीनुसार लावायची आणि आपलं पोर्ट कोणाच्या पोटात लटकलंय ते बघायचं. वर यूएसबी रूट हब दिसला तर कार्ड यूएसबीचं. पीसीआय एक्सप्रेसच्या रूट पोर्टखाली दिसलं तर खरं. खऱ्या कार्डाच्या हार्डवेअर आयडीत ‘पीसीआय’ असतं आणि पुढे बनवणाऱ्याचा क्रमांक. १४१५ असेल तर ऑक्सफर्ड सेमीकंडक्टर, ९७१० असेल तर मॉसचिप. यूएसबीच्या बाजूला ०६७बी म्हणजे प्रोलिफिक, ०४०३ म्हणजे एफटीडीआय. दुकानात जुना लॅपटॉप घेऊन जाऊन, कार्ड सरकवून ही ओळ वाचली तर पुढचा बराच त्रास वाचतो. पर्याय असेल तर ऑक्सफर्डच्या ९५० जातीचं यूएआर्ट (सीरियल पोर्ट चालवणारी चिप) असलेलं कार्ड घ्यावं. त्याचा बफर १२८ बाइटचा आहे आणि एक्सऑन-एक्सऑफ ती चिप स्वतः सांभाळते.

हल्ली फ्रेमवर्क लॅपटॉपची सरकवायची कार्डं लोक दाखवतात. छान आहेत, पण त्यांच्या आत यूएसबी-सीच आहे. त्यामुळे या कामापुरता प्रश्न तोच राहतो.

ड्रायव्हर आधी टाकावा, कार्ड नंतर घालावं. उलट केलं की विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी जोडून मोकळं होतं आणि ते काढण्यात वेळ जातो. ३२ की ६४ बिट हे नीट बघावं. कार्ड आडवं, सपाट धरून सरकवायचं. शेवटच्या काही मिलिमीटरला किंचित विरोध जाणवतो आणि मग ते बसतं. जोर लावायची वेळ आली तर काहीतरी चुकलंय. पीसी कार्डात पिना लॅपटॉपच्या बाजूला असतात, त्यामुळे वाकली तर लॅपटॉपची पिन वाकते. त्या पिना सारख्या लांबीच्या नसतात: अर्थ आणि वीज आधी जुळतात, कार्ड आल्याची खूण देणाऱ्या पिना सगळ्यांत आखूड आणि शेवटी. म्हणून चालू लॅपटॉपमध्ये कार्ड घालता येतं. अर्धवट बसलेलं कार्ड यादीत दिसत नाही तेही याचमुळे.

एक्सप्रेसकार्डचं दुखणं वेगळं आहे. त्याला कुलूप नसतं. ३४ चं कार्ड ५४ च्या खाचेत एका बाजूने अधांतरी राहतं, वर त्याला जाडजूड सीरियल केबल लटकते. ऑपरेटरचा हात केबलला लागला की पोर्ट गायब. आम्ही लॅपटॉपच्या खाली ॲल्युमिनियमची पट्टी घेतली आणि ९ पिनांचा जोड कार्डावर न सोडता त्या पट्टीवर केबल टायने बांधला. कार्डावर ओढ शून्य आली पाहिजे.

पोर्ट दिसायला लागलं की ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये दोन गोष्टी करायच्या. पोर्टचा क्रमांक कॉम१ ते कॉम४ मधला ठेवायचा, कारण जुन्या डीएनसी सॉफ्टवेअरच्या यादीत पुढचे क्रमांक नसतात. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. साध्या १६५५० जातीच्या यूएआर्टमध्ये १६ अक्षरांचा ट्रान्समिट बफर असतो. ‘थांब’ आल्यावरही त्यातली १६ अक्षरं जाऊ शकतात, आणि कंट्रोलची सहनशक्ती दहाची. म्हणजे अगदी खऱ्या पीसीआय कार्डावरही ०८७ येऊ शकतो. ट्रान्समिट बफरची सरकपट्टी सगळ्यात खाली, १ वर आणायची. रिसीव्हची आहे तशी राहू द्यावी. वेग कमी होईल ही भीती नको, ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) संगणकाला काहीच वाटत नाही. काही ड्रायव्हरमध्ये ही सरकपट्टीच नसते. तसं कार्ड छोट्या प्रोग्रामांपुरतं ठेवावं.

पॉवर ऑप्शनमध्ये स्लीप बंद, झाकण लावल्यावर ‘काही करू नको’, आणि पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंटही बंद. लॅपटॉप झोपून उठला की कार्डाचं पोर्ट परत येतं, पण चालू प्रोग्रामच्या हातातून ते सुटलेलं असतं. ड्रिप फीड, म्हणजे प्रोग्राम मेमरीत न साठवता थोडा थोडा पाठवत कट घेणं, चालू असताना हे झालं तर कटर जॉबवर उभा राहतो आणि डायवर डाग पडतो.

केबल तयार घेऊ नये, स्वतः सोल्डर करावी. शिल्ड असलेली तीन तारांची केबल पुरते, लांबी १५ मीटरच्या आत. ९ पिनांच्या बाजूची २ ही २५ पिनांच्या २ ला, ३ ही ३ ला, आणि ९ मधली ५ ही २५ मधल्या ७ ला. नंबर सरळ दिसले तरी तारा उलट्याच होतात, कारण लॅपटॉपवर २ ही घेणारी पिन आहे आणि फानुकवर २ ही पाठवणारी. मग दोन्ही टोकांना आपापसात उड्या, म्हणजे जम्पर, मारायच्या: लॅपटॉपकडे ७-८ आणि १-४-६, मशीनकडे ४-५ आणि ६-८-२०. शिल्ड एकाच टोकाला, मशीनच्या बाजूला. तयार केबलचा धोका असा, की तिच्यात कधी सगळ्या २५ पिना जोडलेल्या असतात. फानुकच्या २५ क्रमांकाच्या पिनेवर २४ व्होल्ट असतात. ते भलत्या ठिकाणी गेले की कार्ड संपलं.

अर्थिंगबद्दल इथे थांबून लिहायला हवं, कारण आरएस-२३२ ची पोर्टं याच कारणाने सर्वात जास्त जळतात. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर असेल तर त्याच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे लॅपटॉपचा ग्राउंड मुख्य विजेच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत असतो. करंट अगदी थोडा, बोटाला झिणझिण्या येतील इतकाच. पण केबल खोचताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली तर तोच करंट चिपमधून जातो. म्हणून क्रम ठरलेला: कंट्रोल बंद, लॅपटॉपचा चार्जर काढलेला, मग केबल दोन्हीकडे घट्ट, स्क्रू आवळलेले, आणि मग दोन्ही चालू. लांबलचक ड्रिप फीड जुन्या बॅटरीवर निभत नाही. तेव्हा तीन पिनांचा चार्जर, आणि तोही मशीनच्याच अर्थवर असलेल्या सॉकेटमधून. ऑप्टिकल आयसोलेटर परवडत असेल तर जरूर मध्ये टाकावा. एवढं करूनही काही जळलंच तर कार्ड जळतं, मदरबोर्ड वाचण्याची शक्यता बरीच असते. कार्डाकडे आम्ही फ्यूज म्हणून बघतो आणि एक शिल्लक ठेवतो.

मशीनकडची मांडणी छोटी आहे. एमडीआय मोडमध्ये (हाताने आकडे भरायच्या) सेटिंगच्या पानावर आय/ओ चॅनल ०. पॅरामीटर लिहिण्याची परवानगी १ केली की १०० क्रमांकाचा अलार्म येतो, तो अपेक्षितच आहे. पॅरामीटर १०२ मध्ये ०, म्हणजे साधं आरएस-२३२. १०३ मध्ये बॉड रेट, पण तो संकेतात: १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. १०१ चा शून्यावा बिट १ केला की दोन स्टॉप बिट. लॅपटॉपवर त्याला जुळणारं: ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ. परवानगी परत ० करायला विसरू नये.

पहिली चाचणी मशीनकडून लॅपटॉपकडे घ्यावी. एखादा प्रोग्राम पंच करून (बाहेर पाठवून) लॅपटॉपवर वाचावा. यात मशीनचं काही बिघडत नाही आणि तारा, बॉड, पॅरिटी एका फटक्यात तपासून होतात. मग उलट दिशेने दहा ओळींचा प्रोग्राम. फाइलच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर टक्क्याची खूण हवी. सॉफ्टवेअर डीसी१ ची वाट बघत नसेल तर आधी मशीनवर रीड दाबावं, मग लॅपटॉपवर पाठवावं. पडद्याच्या कोपऱ्यात एलएसके लुकलुकत राहिलं तर समजायचं, मशीन वाट बघतंय आणि त्याच्यापर्यंत अजून कामाचं काही पोचलेलं नाही. बहुतेक वेळा लॅपटॉपवर पोर्टचा क्रमांक चुकीचा निवडलेला असतो. ०८५ आला तर बॉड, पॅरिटी किंवा स्टॉप बिट जुळत नाहीत. ०८६ आला तर मशीनकडची ६-८-२० ची उडी सुटलीय. ०८७ चं वर आलंच आहे. तिसरी चाचणी मुद्दाम मोठ्या फाइलची, निदान कंट्रोलचा बफर दहा-वीस वेळा भरेल इतकी. ही चाचणी टाळून थेट जॉबवर गेलेले लोकच नंतर कार्डाला शिव्या देतात.

आता हिशेब. एक अक्षर म्हणजे एक स्टार्ट, सात डेटा, एक पॅरिटी, दोन स्टॉप, मिळून ११ बिट. ९६०० ला सेकंदाला साधारण ८७२ अक्षरं. ५०० केबीचा प्रोग्राम जायला जवळजवळ दहा मिनिटं. मेमरीत मावला तर ठीक. पण या कंट्रोलची मेमरी कागदी टेपच्या मीटरांत मोजतात आणि ६४० मीटर म्हणजे जेमतेम २५६ केबी. (टेप कधीच गेली, मीटर राहिला.) त्यामुळे मोल्डच्या थ्रीडी फिनिशिंगला ड्रिप फीड करावंच लागतं, आणि तिथे तारेची कुवत उघडी पडते. एक्स, वाय, झेड असलेली एक ओळ सुमारे २२ अक्षरांची. सेकंदाला ४० ओळीसुद्धा पुऱ्या होत नाहीत. बिंदूंमधलं अंतर ०.२ मिलिमीटर असेल तर मिळणारा फीड (कटर सरकण्याचा वेग) मिनिटाला ४७५ मिलिमीटर. प्रोग्राममध्ये १५०० लिहिलेलं असलं तरी मशीन अडखळत चालतं आणि पृष्ठभागावर ते दिसतं. ओळींना एन क्रमांक असतील तर आणखी सहा अक्षरं वाढून फीड पावणेचारशेच्या आसपास येतो. म्हणून पोस्ट प्रोसेसरमधून (मशीनच्या भाषेत प्रोग्राम लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) एन क्रमांक आणि मोकळ्या जागा आधी काढून टाकाव्यात. १९२०० ला गेलं की सगळं दुप्पट, पण लांब केबलवर आणि वेल्डिंगच्या शेजारी ते नेहमी तग धरत नाही.

फिनिशिंगसाठी म्हणूनच आम्ही दुसऱ्या दाराकडे वळलो, पडद्याशेजारच्या कार्डाच्या खाचेकडे. तिथे पीसी कार्डाच्या आकाराचं ॲडॉप्टर आणि त्यात कॉम्पॅक्ट फ्लॅश हे छोटं मेमरी कार्ड. कॉम्पॅक्ट फ्लॅशला पीसी कार्डाची भाषा जन्मतःच येते, त्यामुळे ॲडॉप्टरमध्ये चिप नसते, नुसत्या तारा असतात. कार्ड २ जीबी किंवा त्याहून लहान घ्यावं आणि एफएटी१६ मध्ये फॉरमॅट करावं. फाइलचं नाव आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं. लांब नावं चालत नाहीत. मशीनवर आय/ओ चॅनल ४, आणि कार्डावरून थेट डीएनसी चालवायला पॅरामीटर १३८ चा सातवा बिट १. मग रिमोट मोडमध्ये कार्डाची यादी उघडून फाइल निवडायची. तारेची मर्यादा इथे राहत नाही. उरते ती कंट्रोलच्या ओळी वाचण्याच्या वेगाची.

लॅपटॉपवर हे कार्ड वाचायला एक्सप्रेसकार्डचंच कॉम्पॅक्ट फ्लॅश ॲडॉप्टर वापरतो. ते आतून यूएसबीचं असलं तरी इथे चालतं, कारण कोणी कोणाला ‘थांब’ म्हणत नाही. कॉपी झाल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय कार्ड ओढू नये. अर्धवट लिहिलेली फाइल मशीनच्या यादीत दिसते व्यवस्थित आणि कटिंगच्या मध्यात संपते.

मशीनच्या खाचेतलं ॲडॉप्टर शक्यतो तिथेच ठेवावं आणि फक्त कॉम्पॅक्ट फ्लॅश काढ-घाल करावी. कार्डाच्या ५० भोकांत जाणाऱ्या बारीक पिना ॲडॉप्टरमध्ये आहेत. त्या वाकल्या तर ॲडॉप्टर बदलता येतं. कंट्रोलच्या खाचेतली पिन वाकली तर काम दुरुस्तीवाल्याकडे जातं. झीज व्हायचीच असेल तर ती स्वस्त जागी व्हावी.

याच खाचेतून एसरॅमचा (कंट्रोलच्या बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीचा) बॅकअपही घेता येतो: कंट्रोल चालू करताना उजवीकडच्या शेवटच्या दोन सॉफ्ट की दाबून ठेवायच्या, बूटचा मेनू येतो, त्यात एसरॅम बॅकअप. त्याच मेनूत सिस्टिम डेटा पुसण्याची ओळही आहे, त्यामुळे हे काम घाईत करू नये आणि दुसऱ्या कोणाला बोलता बोलता तर नाहीच.

राहता राहिला पावसाळा. जुलैपासून शॉपमध्ये दमट हवा आणि कूलंटचा धूर एकत्र होतो आणि कार्डाच्या संपर्कांवर चिकट थर बसतो. लक्षण असं, की काल चालणारं पोर्ट आज यादीत येतं-जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एक्सप्रेसकार्डचे संपर्क पुसावेत, वाळू द्यावेत आणि मगच कार्ड घालावं. खोडरबर घासू नये, सोन्याचा मुलामा जातो. काम संपलं की कार्ड झिप पिशवीत, आणि खाचेत तीच प्लॅस्टिकची नकली पट्टी परत. दुकानदार ती फेकून देत असतो. लॅपटॉप घेताना मागून घ्यावी.